कापशीचा उपवास

कापशीनं उपवास धरलाय, ही बातमी मी आंघोळ करून बाहेर येईपर्यंत गल्लीत पोचलीसुद्धा होती. समोरच्या भामाबाई हळदीकुंकवाचा करंडा घेऊनच आल्या. "कुठं हाय ती गुणाची?" म्हणत सरळ माजघरात शिरल्या आणि ओल्या केसांचा टॉवेल सांभाळत मी त्यांच्या मागं गेले.

कापशी म्हणजे माझा ससा. मादी, पांढरीशुभ्र, फक्त डाव्या कानाचं टोक करडं. पाठीची कमान करून, पाय पोटाखाली ओढून ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसली होती. पुढ्यात सासूबाईंनी ठेवलेली कोथिंबीर जशीच्या तशी. एरवी कोथिंबिरीच्या नुसत्या वासानं ती जाळीला पंजे लावून उभी राहायची.

"बघा भामाबाई," सासूबाई देवळात बोलतात तसं हळू म्हणाल्या, "पहाटंपासनं कशाला तोंड लावलं न्हाई. पानी बी न्हाई. आज भावाचा उपास हाय हे हिला कुनी सांगितलं असंल?"

भामाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी जाळीतून बोट घालून कापशीच्या कपाळाला कुंकू लावलं. कापशी हलली नाही. मी खालचा ट्रे ओढून बघितला. त्यात एकही लेंडी नव्हती.

शिराळ्यात नागपंचमी हाच वर्षाचा सण. दिवाळीला एखादा आला नाही तर चालतं, पंचमीला यायलाच हवं. आदल्या दिवशी, चतुर्थीला, बायका भावासाठी उपवास धरतात आणि पंचमीला वारुळाला दूध-लाह्या वाहिल्यावर सोडतात. आता सशाला भाऊ कुठला, असं कुणीही विचारेल. तो भाऊ म्हणजे माझा नवरा.

वीरधवल फौजेत आहे. वर्षातून दोनदा घरी येतो, आणि तो गेला की घर त्याच्या आईचं आणि बहिणीचं असतं. मी साताऱ्याची. चार वर्षं झाली तरी या घरात मला चहाची साखर कुठल्या डब्यात आहे हे माहीत असतं, पण चहा कधी करायचा हे दुसऱ्याला विचारावं लागतं. हे त्याला एकदा बोलले तेव्हा तो हसला आणि पुढच्या सुट्टीला येताना साताऱ्याहून ससा घेऊन आला. बोलायला कुणीतरी असावं म्हणून. मला राग यायला हवा होता, पण टोपलीतून तो करडा कान वर आला आणि राग विरघळला.

गेल्या राखीपौर्णिमेला तो घरी होता. माझी नणंद शिवांजली, तिला सगळ्या गोष्टींचा व्हिडिओ करायची हौस. तिनं कापशीच्या पंजात राखीचा दोरा अडकवला, तो वीरच्या मनगटाला बांधला, सगळे पोट धरून हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून कापशी वीरची धाकटी बहीण झाली. म्हणजे माझ्यासाठी आणलेलं जनावर मलाच नणंद झालं, आणि नणंदेचा मान सुनेच्या वर असतो हे या घरात कुणाला सांगावं लागत नाही.

सासूबाईंचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. तेच तर नडलं. वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी आठवडाभर साताऱ्याला गेले होते. जाताना दहादा बजावलं होतं, कोपऱ्यात वाळलेल्या गवताचं पोतं आहे, तेच मुख्य जेवण, बाकी सगळं नावाला. तृतीयेच्या संध्याकाळी परत आले तर पिंजऱ्यातल्या वाटीत गुळातल्या लाह्या, भिजवलेले हरभरे, केळ्याचे काप आणि मोडलेली बिस्किटं. गवताचं पोतं रिकामं. विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "बंब पेटवायला घेतलं. पावसात जळान वलं झालंय. आनि घरच्या लेकीला सनासुदीचं वाळलं गवत घालायचं व्हय? आपल्या दारात काय दुष्काळ पडलाय?"

तेव्हाच ट्रेमधल्या लेंड्या बारीक आणि वाकड्यातिकड्या दिसल्या होत्या. मी वाटी उचलून रिकामी केली आणि शेजारच्या बांधावरून ओलं का होईना, गवत आणून घातलं. तिनं दोन काड्या चावल्या आणि सोडून दिल्या. सकाळी हा उपवास.

भामाबाई गेल्यावर मी पिंजऱ्याशी कान नेला. दातांवर दात घासल्याचा बारीक आवाज येत होता. कानाला हात लावला तर कान गार. मी मागच्या जिन्यात जाऊन साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कापशीची नखं, दात सगळं त्यांच्याकडेच दाखवलेलं.

त्यांनी माझं बोलणं अर्ध्यावरच तोडलं. "सशाला उपवास नसतो. त्याचं आतडं सारखं चालतं राहावं लागतं. ते थांबलं की वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी थांबतं. दात करकरवते म्हणजे वेदना आहेत. तिला ऊब द्या आणि निघा. माझ्याकडे लांब पडत असेल तर इस्लामपुरात, सांगलीत, जो डॉक्टर ससा बघतो त्याच्याकडे न्या. पण आज. उद्यावर टाकू नका."

मी भाजीच्या टोपलीत टॉवेल घातला, बाटलीत कोमट पाणी भरून कडेला ठेवली आणि कापशीला आत बसवलं. तिनं विरोध केला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. साडी बदलायलाही थांबले नाही. पण दारापर्यंत पोचले तर सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या. तांदूळ निवडत नव्हत्या की काही नाही. नुसत्या बसल्या होत्या.

"कुठं?"

"डॉक्टरकडे. ती आजारी आहे आई. हा उपवास नाही."

"सुई टोचतील."

"टोचतील. औषध द्यायला नको?"

"औषध म्हंजी पोटात गेलंच की. उपास मोडला." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं. "उत्कर्षा, तुला कळत न्हाई का? तिनं भावासाठी धरलाय. आपन कुनी सांगितलं न्हवतं. आपल्या मनानं धरलाय. आनि तू त्यो मोडायला निगालीस? वीर कुठं हाय ठावं हाय न्हवं तुला?"

ठाऊक होतं. जिथून फोन लागला तर नशीब अशा उंचीवरच्या चौकीवर. तिथल्या नकाशावर मीही रात्री बोट फिरवते.

"आई, तिला पोटात दुखतंय."

"माजं बी काळीज दुखतंय," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. खोटं नाही, खरं रडत होत्या. दोन घरं सोडून राहणाऱ्या बायका दारात आल्या. एकीनं मला बघून नाक मुरडलं. सणाच्या आदल्या दिवशी सासूला उंबऱ्यात रडवणारी सून म्हणजे मी.

शिवांजलीनं तेवढ्यात वीरला फोन लावला होता. एरवी चार-चार दिवस लागत नाही तो फोन त्या दिवशी एका झटक्यात लागला. तिनं तो माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही. तो ऐकत होता असं मला वाटलं.

"अगं, शिवानं पाठवलेला व्हिडिओ इथं सगळ्यांना दाखवला मी," तो म्हणाला. "आमचे साहेब म्हणाले, पाटील, नसीबवाला आहेस, खरगोश पण तुझ्यासाठी व्रत करतंय. सगळ्यांनी हात जोडले."

"अहो, ती मरेल."

"असं अभद्र बोलू नको. उद्या दुपारी उपास सुटला की खुशाल घेऊन जा. गाडी करून जा. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आईला सणाचं कशाला दुखवतेस? ती करते ते माझ्यासाठीच ना?"

"आणि मी करते ते?"

मागं कुणीतरी त्याला हाक मारली. तो म्हणाला, "समजून घे जरा," आणि आवाज गेला.

त्या क्षणी मी टोपली घेऊन सासूबाईंना ओलांडून जाऊ शकले असते. मधे फक्त एक म्हातारी बसली होती. पण टोपली माझ्या हातात असताना माझ्याही मनात तो विचार आलाच, की समजा मी हिला नेलं, सुई टोचून आणली, आणि संध्याकाळी तिकडून काही वाईट बातमी आली तर? माझा विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या माणसालाही भीती वाटते, आणि या घराची सगळी ताकद त्या भीतीत आहे. मी मागं वळले.

दिवसभर बायका येत राहिल्या. वारुळाच्या पूजेची तयारी सोडून येत होत्या. कुणी फूल ठेवलं, कुणी लाह्या ठेवल्या, एकीनं आपल्या फौजेतल्या भावाचं नाव घेऊन पिंजऱ्याला हात लावून तो डोक्याला लावला. "आमी शाबुदाना खातो आनि उपास म्हनतो," भामाबाई म्हणाल्या, "हिचा बघा कसा कडक." साबुदाण्याची खिचडी खाताना शिवांजलीचा हात तेवढ्यापुरता थांबला. नंतर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"वहिनी, मला पन वाटतंय तिला दुखतंय."

"मग सांग की आईंना."

तिनं मान खाली घातली. "दादाचं काय झालं तर? माझ्यामुळं?"

ती एकोणीस वर्षांची. तिच्यावर काय चिडणार? मी गर्दी ओसरली की कापशीला मांडीवर घ्यायची आणि पोटावरून हलक्या हातानं बोटं फिरवायची. पोट फुगून टणक झालं होतं. एकदा ड्रॉपरनं पाण्याचे थेंब तिच्या ओठाला लावत होते तर सासूबाईंनी बघितलं. त्यांनी माझा हात धरला नाही, ओरडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "वीरच्या ताटात माती कालवू नगंस." नंतर आत जाऊन स्वतःची लग्नातली शाल आणली आणि कापशीवर पांघरली. ती पाळीव जनावरावर घालायची शाल नव्हती. एवढी माया आणि एवढा आडमुठेपणा एकाच बाईत कसा मावतो, हे मला अजून कळलेलं नाही.

पंचमीला सकाळी गल्लीत हलगी वाजायला लागली तेव्हा कापशी शालीत आडवी पडली होती. पाय ताठ झाले होते. तोंडाजवळ केस ओले होते. कपाळावरचं कुंकू मात्र जसंच्या तसं.

मला वाटलं होतं, सासूबाई आता तरी म्हणतील की चुकलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. "पंचमीला गेली," त्या म्हणाल्या, "नागोबाच्या दिवशी. माज्या लेकावरचं गंडांतर अंगावर घेऊन गेली बगा." आणि हे शब्द गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही. भामाबाई रडत आल्या, पण त्या रडण्यात दुःखापेक्षा कौतुक जास्त होतं. शिवांजलीनं फोन काढला. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तो तिनं परत पदराआड, म्हणजे ओढणीआड, घातला.

"हिला पुरायला हवं," मी म्हणाले.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "आज?"

मला माहीत होतं. पंचमीला आमच्याकडे तवा चढत नाही, विळी उघडत नाही, सुईत दोरा ओवत नाहीत. आणि जमीन तर अजिबात उकरत नाहीत, कारण जमिनीखाली नाग असतो आणि त्याला कुदळ लागली तर घराचा वंश बुडतो. माझ्या माहेरीही आई त्या दिवशी चिरत नाही. पण माझ्या माहेरी कुणी त्यासाठी कधी मेलं नव्हतं.

"उद्या पुरू की," सासूबाई समजुतीनं म्हणाल्या. "आज फुलं घालून ठिऊ. लोक दर्शन घेत्याल."

एका दिवसाचा तर प्रश्न होता. पुन्हा. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. श्रावणातली दमट हवा, फुगलेलं पोट, त्यावर झेंडूची फुलं, आणि ओळीनं नमस्कार करणाऱ्या बायका, हे सगळं मला डोळ्यांपुढं दिसलं. जिवंतपणी तिला एक दिवस मिळाला नव्हता, आता मेल्यावर एक दिवस मांडून ठेवणार होते.

मी न्हाणीमागं गेले. तिथं कढीलिंबाचं झाड आहे. त्याच्या बुडाशी खुरपं पडलेलं असतं. मी बसले आणि खुरपं जमिनीत घातलं. पावसानं माती मऊ झाली होती, पहिल्याच घावाला ढेकूळ निघालं. मागं सासूबाई धावत आल्या. त्यांच्यामागं भामाबाई, शिवांजली आणि आणखी कोण कोण.

"उत्कर्षा, थांब. अगं जमीन हाय ती. आज पंचमी हाय."

मी उकरत राहिले.

"वीरची शपथ हाय तुला."

मी उकरत राहिले. हे लिहायला सोपं आहे. तेव्हा डोळ्यांतल्या पाण्यानं मला खड्डा दिसत नव्हता. पण हातांना आता थांबायचं नव्हतं. मी कापशीला शालीसकट आत ठेवलं. शाल का घेतलीस, असं सासूबाई म्हणाल्या नाहीत. त्या माझ्या हातातल्या खुरप्याकडे, त्याच्या पात्याला लागलेल्या ओल्या मातीकडे बघत होत्या. तिथं रक्त आहे का, हे शोधत असाव्यात. मी माती लोटली, दगड ठेवला आणि हात धुतले.

त्या दिवसापासून त्या घरातलं सगळं बरंवाईट माझ्या खात्यात पडलं. वीरचा पाय मुरगळला, तो खड्ड्यामुळं. त्याची सुट्टी पुढं ढकलली, ती खड्ड्यामुळं. म्हशीनं दूध चोरलं तरी सासूबाई न्हाणीमागं बघायच्या. तोंडानं एक शब्द काढत नसत. भामाबाई मात्र आल्यागेल्याला सांगायच्या, की सशानं वाचवलं आणि सुनेनं उकरलं.

दिवाळीनंतर युनिटमधून निरोप आला की वीर हॉस्पिटलात आहे. सासूबाईंनी अंथरूण धरलं. अन्न सोडलं. माझ्याकडे बघेनाशा झाल्या. मी रात्रंदिवस फोन उशाशी घेऊन होते, आणि खरं सांगायचं तर खड्ड्याकडे मीही दोनदा जाऊन बघून आले. दगड होता तिथंच होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला. आवाज बारीक, पण त्याचाच.

"पोटाचं झालं होतं," तो म्हणाला. "एकदम फुगलं. काही आत जाईना, काही बाहेर येईना. असं दुखत होतं की दातावर दात आवळून पडलो होतो. साहेबांनी तसंच उचलून खाली आणलं. बर्फात रस्ता बंद होता, तरी आणलं. हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या सुई, नळी, सगळं. डॉक्टर म्हणाला, उद्यावर टाकलं असतं तर आतडं गेलं असतं."

मी वाट बघत होते. त्याला आठवेल असं मला वाटत होतं. त्यानं स्वतःच्या तोंडानं एकेक शब्द सांगितला होता, फुगलेलं पोट, दातावर दात, उद्यावर. आता तो थांबेल, आणि म्हणेल की उत्कर्षा, त्या दिवशी. एवढं दोन शब्दांचं म्हटलं असतं तरी मी सगळं सोडून दिलं असतं.

"ऐकतेस ना?" तो म्हणाला.

"ऐकतेय."

"आईनं लय धसका घेतलाय. ते तू खड्डा काढलास ना पंचमीला, तेच धरून बसलीय. भटजींना बोलावून एकदा शांती करून घे. तिच्या समाधानासाठी. मला माहितीय तुझा विश्वास नाही. पण एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

मी बरं म्हणाले. काळजी घ्या म्हणाले. फोन ठेवला.

सासूबाई भिंतीला धरून दारापर्यंत आल्या होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत होत्या. "काय म्हनला?"

"बरे आहेत. पोटाचं दुखणं होतं. रस्ता बंद होता तरी साहेबांनी लगेच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी गेल्या गेल्या सुई टोचली." मी एकेक शब्द सुटा करून सांगितला. "म्हणाले, पोटाचं दुखणं उद्यावर टाकायचं नसतं."

सासूबाईंनी देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"खरं हाय बाई," त्या म्हणाल्या. "माज्या लेकराचं नशीब थोर, म्हनून तितं शानी मानसं भेटली."